शंभरात पन्नास छापे आलेच पाहिजेत असं कोणी सांगितलं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात फर्स्ट इयरला असाइनमेंट आहे: रँडम नंबर वापरून नाणं शंभर वेळा उडवा, छापे किती आणि काटे किती ते प्रिंट करा. विचारणाऱ्याने आधी सीमध्ये लिहिलं, तर कितीही वेळा रन केलं तरी तेच उत्तर. मित्राच्या सांगण्यावरून 'एसरँड' (रँडम आकड्यांची सुरुवात, म्हणजे सीड, ठरवणारं फंक्शन) लूपच्या आत टाकलं, तर कधी शंभरच्या शंभर छापे, कधी शंभरच्या शंभर काटे. कंटाळून पायथनमध्ये केलं, तिथे ४३, ५६, ४८ असं काहीतरी येतं, पन्नास काही येत नाही. सबमिशन तोंडावर आलंय. जर्नलला कोणतं आउटपुट लावू, आणि एक्सटर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) 'हे खरंच रँडम आहे का' असं विचारलं तर काय सांगू?

४३ वालं लाव. तुझ्या तिन्ही प्रयत्नांत तेवढंच बरोबर आहे, आणि नेमकं तेच तुला खटकतंय. माझं रोजचं काम सिम्युलेशनचं कोड तपासायचं आहे आणि शनिवारी मुलांची लॅबही घेतो. दोन्हीकडे हाच प्रकार दिसतो: बरोबर चाललेलं कोड पन्नास येत नाही म्हणून 'दुरुस्त' केलं जातं, आणि बिघडलेलं कोड पन्नास येतंय म्हणून पास होतं. तेव्हा आधी सीमधला घोळ निस्तरू, मग आकड्यांकडे येऊ.

सीमधलं रँडम आकडे देणारं रँड हे फंक्शन नाणंबिणं काही उडवत नाही. त्याच्याकडे एक आकडा असतो, त्यावर ठरलेली आकडेमोड करून ते पुढचा आकडा काढतं, त्यावरून पुढचा. १९५५ साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने (नावाचा योगायोग सोड) दहा लाख यादृच्छिक अंकांचं चक्क पुस्तक छापलं होतं. तसं एक जाडजूड पुस्तक कॉम्प्युटरच्या पोटात आहे असं समज. सीड म्हणजे ते कुठल्या पानापासून वाचायचं ते. तू पान सांगितलंच नाहीस तर सी भाषेच्या नियमाप्रमाणे एसरँडला १ दिला आहे असं धरलं जातं, म्हणजे दर रनला तेच पान आणि तोच शंभर नाण्यांचा क्रम. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर एकच कंपायलर असेल तर अख्ख्या बॅचचं आउटपुट अक्षरशः सारखं येतं, आणि एक्सटर्नलला वाटतं की पोरांनी एकमेकांचं उतरवलंय. बिचाऱ्यांनी खरं तर आपापलंच लिहिलेलं असतं.

आता मित्राचा सल्ला. एसरँडला टाइम द्यायचा हे त्याचं बरोबर आहे, जागा चुकली. टाइम फंक्शन १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते देतं. सेकंद, त्याहून बारीक काही नाही. तुझं शंभर फेऱ्यांचं लूप एका सेकंदाच्या क्षुल्लक भागात संपतं. म्हणजे प्रत्येक फेरीत तू पुस्तक बंद करतोस, त्याच पानावर पुन्हा उघडतोस आणि पहिलाच आकडा वाचतोस. तो सम निघाला तर शंभर काटे, विषम निघाला तर शंभर छापे. विश्वास बसत नसेल तर लूपमध्ये एसरँडच्या आधी टाइमची किंमत प्रिंट करून बघ. एकच दहा आकडी संख्या शंभर ओळी खाली उतरत जाईल. क्वचित लूप चालू असताना सेकंद उलटतो आणि ६२ छापे सलग, मग ३८ काटे सलग असं काहीतरी निघतं. बेरीज बघून वाटतं जमलं, क्रम बघितला की पितळ उघडं पडतं.

एसरँडची ओळ मेनच्या सुरुवातीला एकदाच लिही. उडवणं लूपच्या आत, सीड लूपच्या बाहेर. पायथनमध्ये सीड दिलं नाहीस तरी तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून आपणहून घेतो, म्हणून तिथे हा त्रास झाला नाही.

अप्पा बळवंत चौकात मिळणारं जुनं प्रॅक्टिकलचं पुस्तक समोर ठेवून लिहीत असशील तर एक सांगतो. त्यातलं 'रँडमाइझ' आणि कंसात २ दिलेलं 'रँडम' हे टर्बो सीचं होतं. आजच्या जीसीसी कंपायलरवर ते चालणार नाही. तिथे रँड घे आणि त्याला दोनने भागून बाकी बघ.

या बाकीवरही थोडं थांबू, कारण माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. कागद-पेन घे आणि एक छोटा रँडम जनरेटर हाताने चालव. नियम असा: आत्ताच्या आकड्याला पाचाने गुण, तीन मिळव, सोळाने भागून बाकी घे. १ पासून सुरू केलंस तर क्रम असा येतो:

१, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, ७, ६, आणि परत १.

० ते १५ हे सगळे आकडे एकेकदा आले, वरवर विस्कटलेले दिसतात, छान वाटतं. आता प्रत्येकाला दोनने भागून बाकी घे, विषम म्हणजे छापा आणि सम म्हणजे काटा. काय दिसलं? छापा, काटा, छापा, काटा, छापा, काटा, शेवटपर्यंत. गुणक विषम, मिळवलेला आकडा विषम आणि भाजक दोनाचा घात असला की शेवटचा बिट (सम-विषम ठरवणारा शेवटचा बायनरी अंक) असाच आलटून पालटून येतो, मग भाजक १६ असो की दोनाचा एकतिसावा घात. जुन्या काही सिस्टिमवरचा रँड खरोखर असा होता, म्हणून जाणती मंडळी खालचा बिट टाकून वरचे बिट वापरत. वरच्या क्रमातच ८ किंवा जास्त म्हणजे छापा असं धरून बघ: काटा, छापा, छापा, छापा, काटा, छापा, छापा, छापा, छापा, काटा... हे निदान नाण्यासारखं दिसतं. लिनक्सवरच्या आजच्या रँडमध्ये खालच्या बिटची ही भानगड नाही, त्यामुळे तुझ्या असाइनमेंटला दोनने भागलेलं चालेल.

पण त्या आलटून पालटून येणाऱ्या नाण्याने शंभर वेळात किती छापे दिले असते? बरोबर पन्नास. दर वेळी, न चुकता. तू ज्या आउटपुटची वाट बघतोयस ते सगळ्यात नासकं नाणं सगळ्यात इमानाने देतं.

मग चांगल्या नाण्याने किती द्यावेत? इथे गणिताच्या तासाला झालेलं बायनॉमियल कामाला येतं. शंभर उडवण्यांत छाप्यांची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातं त्याचं माप) ५, म्हणजे शंभरच्या वर्गमुळाचं निम्मं. नेमके ५० येण्याची शक्यता जेमतेम ८ टक्के आहे. बारा-तेरा वेळा रन केलंस तर एखाद्या वेळी दिसेल. ४० ते ६० च्या दरम्यान मात्र शंभरातून ९६ वेळा येईल. तुझे ४३ काही विशेष नाहीत. मधल्या पन्नासपासून सात किंवा त्याहून लांब जाणं हे दर पाच रनमागे एकदा व्हायलाच हवं. एखादा आकडा ३० च्या खाली किंवा ७० च्या वर गेला तर मात्र आधी कोडकडे बघ, नशिबाकडे नंतर. तसं तीसेक हजार रनमध्ये एखाद्या वेळी होतं.

लॅबमध्ये यावर हमखास कोणीतरी म्हणतं, 'सर, शंभराऐवजी दहा हजार वेळा उडवलं की समान येतील.' येणार नाहीत. छापे आणि काटे यांच्यातला फरक शंभर वेळात सरासरी ८ असतो, दहा हजार वेळात ८०, दहा लाख वेळात ८००. फरक वाढत जातो. घटते ती टक्केवारी: ८ टक्के, ०.८ टक्के, ०.०८ टक्के. फेऱ्या शंभरपट केल्या तर फरक दहापट होतो, आणि दहापटीला शंभरपटीने भागलं की टक्केवारी दहाव्या हिश्शावर येते. 'लॉ ऑफ लार्ज नंबर्स' टक्केवारीबद्दल बोलतो, फरकाबद्दल नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हे नीट सांगितलंस तर पुढचे प्रश्न बहुधा यायचेच नाहीत.

कॉम्प्युटरचं सोड, माणसांनी हाताने उडवलेलं बघ. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने २४,००० वेळा नाणं उडवलं, छापे १२,०१२. दक्षिण आफ्रिकेत शिकवणारे जॉन केरिक १९४० साली डेन्मार्कला गेले असताना जर्मन फौजा तिथे घुसल्या आणि ते नजरकैदेत अडकले. तिथे बसून त्यांनी दहा हजार वेळा नाणं उडवून नोंदी ठेवल्या: ५,०६७ छापे. दहा हजाराला प्रमाण विचलन ५० आहे, म्हणजे ६७ चा फरक अगदी घरगुती. केरिकना कोणी 'पाच हजार का नाही आले' असं विचारलं नाही, तर तुला तरी का विचारावं?

बेरजेवरून एवढंच कळतं. नाण्याचा खरा स्वभाव क्रमात दिसतो, म्हणून शंभरही निकाल एका ओळीत छा-का-छा-छा असे प्रिंट कर. सलग सहा किंवा जास्त एकसारखे कुठेतरी दिसण्याची शक्यता शंभर वेळात सुमारे ८० टक्के आहे. मुलांना मी नाणं न उडवता मनानेच शंभर छा-का लिहायला सांगतो, तेव्हा सलग सहा लिहायला कोणाचा हात धजावत नाही. चार झाले की मन म्हणतं, आता काटा यायला हवा. प्रोग्रामला असं मन नाही. सहा छापे होऊन गेले हे लक्षात ठेवणारी एकही ओळ तुझ्या कोडमध्ये नाही, मग सातव्याला काटा 'यायला हवा' हे त्याला सांगणार कोण?

पायथनकडे वळू. तुझं कोड तू दिलेलं नाहीस, पण लॅबमध्ये जी चूक सगळ्यात जास्त दिसते ती तुझ्यात नाही ना, एवढं तपास. ती अशी असते (रँडइंट(०, १) म्हणजे ० किंवा १ यांतला एक रँडम आकडा):

शंभर वेळा:
　　जर रँडइंट(०, १) हे १ असेल तर छापे एकने वाढव
　　नाहीतर जर रँडइंट(०, १) हे ० असेल तर काटे एकने वाढव

वाचायला निर्दोष. रन केलं की ५१ छापे आणि २६ काटे. बेरीज ७७. उरलेली २३ नाणी गेली कुठे? पहिल्या ओळीत नाणं एकदा उडवलं. काटा पडला म्हणून दुसऱ्या ओळीत आलो, तिथे तो काटा वाचायचा सोडून नाणं परत उडवलं. त्यातल्या निम्म्या वेळा पुन्हा काटा पडतो आणि मोजला जातो, निम्म्या वेळा छापा पडतो आणि तो कोणीच मोजत नाही. म्हणून छापे पन्नासच्या आसपास, काटे पंचवीसच्या आसपास, आणि पंचवीसेक हवेत विरतात. रँडइंट लिहिलं की नाणं उडतं, दर वेळी नवं. म्हणून फेरीत एकदाच उडवायचं, निकाल व्हेरिएबलमध्ये धरायचा, मग त्या व्हेरिएबललाच प्रश्न विचारायचे:

शंभर वेळा:
　　नाणं = रँडइंट(०, १)
　　जर नाणं १ असेल तर छापे एकने वाढव
　　नाहीतर काटे एकने वाढव

आणि शेवटी छापे अधिक काटे शंभर होतात का ते प्रोग्रामलाच तपासायला लाव. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत 'छापे' असं ठेवलंस तरी चालतं. एक्सटर्नलला चालेल की नाही ते तूच बघ.)

नाणं = रँडइंट ही ओळ चुकून लूपच्या वर राहिली तर एकदाच उडवलेलं नाणं शंभर वेळा मोजलं जातं. लक्षण अगदी मित्राच्या एसरँडसारखं, सगळे छापे किंवा सगळे काटे, पण कारण वेगळं. दुसरी फसगत कंसातल्या आकड्यांची. रँडइंटमध्ये दोन्ही टोकं धरली जातात, रँडरेंजमध्ये शेवटचं टोक धरत नाहीत. रँडरेंजला ० आणि १ दिलेस तर आयुष्यभर शून्यच येईल. जावावाल्यांचा जोडीदार किडा: मॅथ रँडमला दोनने गुणायच्या आधीच पूर्णांक केला तर ते कायम शून्य, कारण रँडम एकाच्या आतच असतो. गुणाकाराला आधी कंस घालायचा, मग पूर्णांक करायचा.

जर्नलसाठी एक युक्ती. पायथनच्या रँडम सीडला स्वतःचा रोल नंबर दे. मग तुझं आउटपुट बाकीच्यांपेक्षा वेगळं येईल, आणि एक्सटर्नलने समोर परत रन करायला लावलं तरी कागदावरचंच निघेल. सीडची ओळ काढून टाकली की दर वेळी नवं. दोन्ही करून दाखव. सीड ठरवता येणं ही रँडम जनरेटरची उणीव नव्हे, सोय आहे. माझ्या कामात ती नसती तर चुकलेलं सिम्युलेशन पुन्हा तसंच घडवून तपासताच आलं नसतं.

वेळ असेल तर शंभर उडवण्यांचा पूर्ण खेळ हजार वेळा कर, आणि किती वेळा किती छापे आले त्याच्या ओळी तारे टाकून प्रिंट कर. ५० च्या ओळीत ऐंशीएक तारे, ४० आणि ६० च्या ओळींत दहा-अकरा. हे चित्र जर्नलला जोडलंस तर पन्नास का आले नाहीत हे तोंडाने सांगायची गरज पडणार नाही.

राहिला 'खरंच रँडम आहे का' हा प्रश्न. सरळ उत्तर: नाही, स्यूडोरँडम आहे, म्हणजे रँडम दिसतं पण आकडेमोडीतून निघतं. पण तिथे थांबू नकोस, पुढचं मजेदार आहे. ठरलेल्या आकडेमोडीतून रँडमसारखं काही काढायचं ही खटपट १९४० च्या दशकातली. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४९ साली मांडलेली रीत अशी: चार आकडी संख्या घ्या, वर्ग करा, आठ अंकांतले मधले चार उचला, तीच पुढची संख्या. आता ३७९२ घेऊन बघ. वर्ग १,४३,७९,२६४. मधले चार अंक: ३७९२. पुन्हा तेच, आणि पुढेही तेच. जनरेटर खड्ड्यात पडला. गंमत म्हणजे त्याच १९४९ साली आपले देवळालीचे शाळामास्तर, फर्ग्युसनमध्ये शिकलेले द. रा. कापरेकर, असाच एक खड्डा दाखवत होते. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार आकडी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, परत परत करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ वर येऊन थांबता, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४ च. कापरेकरांना तो खड्डा हवा होता, फॉन नॉयमनना तो नको होता. चांगला जनरेटर म्हणजे ज्याला असे खड्डे नाहीत आणि ज्याचं चक्र फार लांबचं आहे. पायथनचं रँडम मॉड्यूल मर्सेन ट्विस्टर वापरतं. ते मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९० च्या दशकात बनवलं. त्याचं चक्र दोनाचा १९,९३७ वा घात वजा एक, इतकं लांब आहे. तुझं नाणं पुन्हा त्याच पानावर यायची वाट बघण्यात अर्थ नाही.

एक्सटर्नल हुशार असेल तर उलट विचारेल, 'म्हणजे खरं नाणं यापेक्षा चांगलं?' तर तेही नाही. हाताने उडवलेलं नाणं वर जी बाजू होती त्याच बाजूवर किंचित जास्त वेळा पडतं. संख्याशास्त्रज्ञ पर्सी डायकोनिस आणि सहकाऱ्यांनी २००७ साली गणिताने हे सुमारे ५१ टक्के असेल असं मांडलं, आणि २०२३ साली जाहीर झालेल्या प्रयोगात ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून ५०.८ टक्के निघाले. छापा आणि काटा यांत भेद नाही, फक्त सुरुवातीची बाजू थोडी लाडकी. गहुंज्याच्या स्टेडियमवर टॉसला कप्तान कॉल देतो तेव्हा नाण्याची कुठली बाजू वर धरली होती हे त्याला दिसत नसेल, तर या लाडाचा कोणाला फायदा नाही.

मर्सेन ट्विस्टर सिम्युलेशनला उत्तम, पण त्याचे सलग ६२४ पूर्ण आकडे कोणाच्या हाती लागले तर पुढचे सगळे काढता येतात. म्हणून ओटीपी, पासवर्ड, किंवा म्हाडाच्या घरांसारखी सोडत, जिथे पुढचं ओळखण्यात कोणाचा तरी फायदा आहे, तिथे ते वापरायचं नसतं. त्यासाठी पायथनमध्ये सीक्रेट्स नावाचं वेगळं मॉड्यूल आहे. व्हायवाला त्याचं नाव जरूर घे. असाइनमेंटमध्ये मात्र ते घालू नकोस, कारण त्याला सीड देता येत नाही, आणि रोल नंबरवर काढलेलं आउटपुट मग समोर परत काढून दाखवता येणार नाही.